कंपोस्ट घातलं की मातीतले जिवाणू खरंच वाढतात का? (आणि मग माझी कलमं पिवळी का?)

कातळकर | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. राजापूरजवळ घरच्या कातळावर यंदा हापूसची चाळीस कलमं लावली. ब्रेकर लावून मीटर बाय मीटरचे खड्डे मारले आणि मे महिन्यात भरले. जमीन जिवंत करायची हे डोक्यात पक्कं होतं. शेजारच्या गोठ्यातलं शेण, लाकडाच्या वखारीतला भुसा (फुकट मिळाला, तीन टेम्पो) आणि विहिरीच्या खोदाईतली लाल माती, असे थर दिले. वीस खड्ड्यांत वरून 'जिवाणू कल्चर'ची एक लिटरची बाटली पाण्यात कालवून ओतली, बाकीच्या वीसांत नाही. बाटलीवाले 'अ', बिनबाटलीचे 'ब'. जन्म हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेला, रकाने पाडल्याशिवाय झोप येत नाही.

आता खालची जुनी पानं पिवळी पडत चालली आहेत, नवी पालवी बारीक आणि फिकी. अ आणि ब दोन्हीकडे सारखंच. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याने रानातली माती, पातेरा आणि मूठभर सुपर फॉस्फेट एवढ्यावर भागवलं, त्याची कलमं हिरवीगार. सासरे रोज संध्याकाळी येऊन बघून जातात आणि "खड्ड्यात पातेरा जाळला असतास तर" एवढंच बोलून चहा पितात.

सगळीकडे वाचतो की कंपोस्टने मातीतले सूक्ष्मजीव वाढतात. मग माझ्याकडे वाढले नाहीत का?

भांडुपचा_चाकरमानी | १७ ऑगस्ट, रात्री १०:०५

सासऱ्यांचा चहा बंद करा, अर्धा प्रश्न सुटेल. बाकी जाणकार येतीलच. वाचतोय.

परीक्षानळी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

कातळकर, तुमच्या खड्ड्यांत सूक्ष्मजीव वाढले नाहीत असं नाही. वाढले, भरपूर वाढले, आणि म्हणूनच पानं पिवळी पडली.

मी तीस वर्षं रत्नागिरीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. मुलांना सांगायचे तेच सांगते. पंगतीत नुसता भात वाढला आणि आमटी आलीच नाही, तर माणसं काय करतील? उठून शेजारच्या पंगतीतली आमटी उचलतील. भुसा म्हणजे भात, सगळा कर्ब (कार्बन). आमटी म्हणजे नत्र (नायट्रोजन). जिवाणूच्या अंगात साधारण आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बातला बराचसा तो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडून देतो, त्यामुळे त्याच्या ताटात चोवीस-पंचवीसला एक असं प्रमाण असलं की त्याचं भागतं. शेणात ते विसाच्या आसपास असतं, नीट कुजलेल्या कंपोस्टमध्ये पंधरा ते वीस. भाताच्या पेंढ्यात साठ-सत्तर. लाकडाच्या भुशात दोनशेच्या वर, कधी पाचशेलाही पोचतं.

एवढा भात समोर आल्यावर जिवाणू आणि बुरशी दोन्ही तुटून पडतात. नत्र कमी पडलं की मातीत जे काही अमोनियम, नायट्रेट विरघळलेलं असतं ते उचलतात. मुळांपेक्षा ते कितीतरी चपळ. कलम मग स्वतःच्या जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. तुम्ही लिहिलंत ना, खालची पानं आधी पिवळी? तीच खूण.

नत्र कुठे गेलेलं नाही, त्यांच्या शरीरांत अडकलंय. भुसा संपत आला की ते उपाशी मरतील, एकमेकांना खातील, अमिबासारखे प्राणी त्यांना खातील आणि नत्र परत मोकळं होईल. फक्त भुशाला वेळ लागतो. एक पावसाळा पुरेल असं मी म्हणणार नाही.

कातळकर | १८ ऑगस्ट, दुपारी १:२०

बाई, म्हणजे मी जमीन जिवंत करायला गेलो आणि तिनेच माझ्या कलमांचं जेवण खाल्लं. हे घरी कसं सांगायचं? आता काय करू? सगळं उपसून काढू?

परीक्षानळी | १८ ऑगस्ट, दुपारी २:४५

उपसू नका. आमटी वाढा. गिरिपुष्पाचा कोवळा पाला बांधावर असेल तर तोडून आळ्यात पसरा, तो नत्राने भरलेला आणि मऊ, पंधरा दिवसांत विरतो. तोवर प्रत्येक आळ्यात दोन-तीन चमचे युरिया, खोडापासून लांब, पाऊस थोडा उघडल्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा. एकदम मूठभर टाकलात तर आपल्या पावसात तो ओढ्याला जाईल.

सेंद्रिय_सदानंद | १८ ऑगस्ट, दुपारी ३:१०

बाई, आदर ठेवून सांगतो, युरिया सांगणं बरोबर नाही. युरियाने जिवाणू मरतात. त्यापेक्षा जीवामृत द्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. कोट्यवधी जिवाणू जातात जमिनीत.

परीक्षानळी | १८ ऑगस्ट, दुपारी ४:००

सदानंद, मूठभर युरिया एका जागी पडला तर तिथले मरतील, खरंय. दोन चमचे पसरून दिले तर ते खातील. त्यांना नत्र युरियातून आलं की शेणातून, हे कळत नाही. वर्षानुवर्षं नुसती रासायनिक खतं आणि सेंद्रिय काहीच नाही, तेव्हा जमीन आंबट होते, खाणं संपतं, आणि जीव घटतात. तो वेगळा मुद्दा.

जीवामृत जरूर द्या. त्यात गूळ आणि बेसन आहे, म्हणजे भातही आहे आणि आमटीही आहे. जमिनीतलेच जिवाणू दोन-चार दिवस जोरात वाढतात आणि गूळ संपला की पुन्हा खाली येतात. गणपतीत गाव भरतो तसं. अनंत चतुर्दशीनंतर गावात किती माणसं उरतात ते आपल्याला ठाऊक आहे.

भांडुपचा_चाकरमानी | १८ ऑगस्ट, दुपारी ४:०२

हे लागलं.

हिशेबी | १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

बाटलीचा हिशेब मांडतो, कारण धागाकर्त्याला रकाने आवडतात.

एक ग्रॅम चांगल्या मातीत दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू असतात. कमीतला आकडा धरू. एक घनमीटर खड्ड्यात साधारण १.३ टन माती, म्हणजे १३ लाख ग्रॅम. गुणिले दहा कोटी : १३० लाख कोटी. द्रवरूप जिवाणू खताला खत नियंत्रण आदेशाप्रमाणे मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवाणू लागतात. एक लिटर म्हणजे १०,००० कोटी. वीस खड्ड्यांत वाटलं की खड्ड्याला ५०० कोटी.

१३० लाख कोटींत ५०० कोटी, म्हणजे २६,००० जणांत एक. तोही परका, भाषा येत नसलेला, उन्हातून दुकानात आलेला. अ आणि ब सारखेच दिसले यात नवल ते काय?

परीक्षानळी | १८ ऑगस्ट, रात्री ९:१०

हिशेब आवडला, पण एक चूक आहे. कातळकरांनी चांगली माती घातलेलीच नाही. विहिरीच्या खोदाईतली माती म्हणजे पोटातली माती. तिथे खाणं नाही, मुळं नाहीत, जीव फारच विरळ. शंभरपट कमी धरा.

हिशेबी | १८ ऑगस्ट, रात्री ९:१४

मान्य. मग २६० जणांत एक. तरी ग्रामपंचायतीला पडेल.

परीक्षानळी | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

:) पण डोळे मिटून बाटलीला नावं ठेवू नका. कडधान्याला त्याचा नेमका रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतलं नत्र पकडणारा जिवाणू) जमिनीत नसेल, तर बियाण्याला चोळलेलं कल्चर खूप फरक पाडतं, कारण ते थेट मुळाच्या दारात पोचतं. मुळाच्या आजूबाजूच्या त्या इवल्या पट्ट्याला, जिथे मूळ साखर पाझरतं आणि गर्दी होते, हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली ऱ्हायझोस्फियर हे नाव दिलं. खेळ तिथे चालतो.

आणि बाटलीत कोण आहे तेही बघावं. ॲझोटोबॅक्टर या नत्र पकडणाऱ्या जिवाणूला आंबट जमीन सोसत नाही, सामू (पीएच) सहाच्या खाली गेला की तो मान टाकतो. आपली जांभ्याची माती बहुतेक ठिकाणी पाच ते साडेसहा. देशावरच्या काळ्या जमिनीत चालणारं पुडकं इथे चालेलच असं नाही.

शेजाऱ्याचं गुपितही सांगून टाकते. त्याने रानातली माती घातली. तिच्यासोबत मायकोरायझा आली, म्हणजे मुळांत शिरून राहणारी बुरशी. आंबा, नारळ, केळ, सगळ्यांना ती लागते. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) पकडून बसतं, मुळाला ते ओढता येत नाही, बुरशीचे धागे लांबवर जाऊन आणून देतात. मूठभर सुपर फॉस्फेटने ती बिघडत नाही, पाटीभर घातलं असतं तर झाडाने तिला घरात घेतलंच नसतं.

पहार | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सगळे जिवाणूंत रमलेत. कातळकर, खड्ड्यात पाणी तुंबतंय का बघितलंत? कातळात मारलेला खड्डा म्हणजे बादली. चार महिने भरलेली. मुळांना हवा नाही मिळाली तरी पान पिवळंच होतं. खड्ड्याच्या कडेला पहार घाला, ओढून काढा, भोकाचा वास घ्या.

कातळकर | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पहार घातली. चाळीसातल्या सहा खड्ड्यांत भोक पाण्याने भरलं आणि कुजक्या अंड्याचा वास आला. बाकीच्यांत नाही. त्या सहांना उद्या कडेने चर काढतो. धन्यवाद पहारभाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं.

परीक्षानळी | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

पहारभाऊंना पूर्ण गुण. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवा संपली की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू कारभार हातात घेतात आणि सल्फेटवर श्वास भागवतात. कंपोस्टने 'जीव वाढतात' म्हणताना कुठले वाढतात हेही बघावं लागतं. ओल्या खाचरात ताजा पेंढा गाडला की मिथेन बनवणारे वाढतात. तोच पेंढा आधी कुजवून घातला तर मिथेन कमी निघतो, कारण सहज पचणारा भाग ढिगातच संपलेला असतो.

चांगल्या मातीचा वास वेगळा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर येतो तो. जिओस्मिन त्या द्रव्याचं नाव, आणि ते बनवतात ॲक्टिनोमायसिटीस. दिसायला बुरशीसारखे धागे, पण जातीने जिवाणू. पहिलं क्षयावर चालणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली याच घराण्यातून मिळालं. पिकलेल्या कंपोस्टचा ढीग फोडला की आत राखेसारखी पांढुरकी बुंदकी दिसते ना, तेच हे. तो वास आला की खत तयार, नाकासारखी प्रयोगशाळा नाही.

तरवा | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

सासऱ्यांच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. आमच्याकडे अजून दाढ, म्हणजे भाताची रोपं वाढवायचा तुकडा, भाजतात. माघ-फाल्गुनात कवळ (झाडांच्या पानांच्या फांद्या) तोडायचा, त्यावर शेण, गवत, पातेरा, वर माती, आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. भाजलेल्या तुकड्यातला तरवा (भाताची रोपं) आणि न भाजलेल्यातला तरवा शेजारी ठेवा, आंधळाही सांगेल कुठला भाजलेला. शेकडो वर्षं लोक वेडे म्हणून करत होते का?

परीक्षानळी | २१ ऑगस्ट, सकाळी ८:००

वेडे अजिबात नव्हते. भाजल्यावर तीन गोष्टी होतात. तणाचं बी मरतं. राखेतून पालाश (पोटॅश) आणि चुना मिळतो, आंबट माती थोडी गोड होते. तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही : वरच्या थरातले जीव मरतात आणि त्यांच्या अंगातलं नत्र अमोनियम होऊन मोकळं पडतं. तरवा त्यावर माजतो. कातळकरांच्या खड्ड्यात जे अडकलंय नेमकं त्याच्या उलट.

माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही. काही सेंटिमीटरच्या खाली जीव शाबूत राहतात, पाऊस पडला की वर येतात. पण एवढ्याशा दाढीसाठी केवढ्या रानाचा पाला आणि शेण जाळतो, त्यातला जवळजवळ सगळा कर्ब आणि बहुतेक नत्र धुराबरोबर आकाशात. तोच पाला कुजवला असता तर दाढीला, खाचराला आणि वर चार कलमांना पुरला असता. मग तण मात्र हाताने काढावं लागलं असतं. आणि आता गावात हात कुठे आहेत?

तरवा | २१ ऑगस्ट, सकाळी ८:२५

शेवटचं वाक्य खरं. आई पंचाहत्तरची आहे. ती म्हणते, धूर मला चालेल, बेणणी (तण काढणं) नको.

आगरवाली | २२ ऑगस्ट, दुपारी १२:१०

मी गुहागरकडची, नारळ-सुपारीचं आगर. सगळे कंपोस्ट कंपोस्ट करताय, पण त्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो हे कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी हौसेने मोठा ढीग केला, झावळ्या, सोडणं (नारळाची सालं), शेण. श्रावणात फावडं घातलं तर आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. एका घमेल्यात मावल्या नाहीत. कोंबड्यांची चैन झाली. त्या साली आगरातल्या निम्म्या माडांची नवी झावळ कात्रीने कापल्यासारखी निघाली.

पण त्याच ढिगात एक अळी सापडली, काठीसारखी कडक, वर हिरवी पूड बसलेली. शेवाळ चढलं म्हणून फेकणार होते, नंतर कळलं ती मेटारायझियम नावाची बुरशी, भुंग्याच्या अळीला मारणारी. आता ती विकत आणून ढिगावर शिंपडते, ढीग दीड-दोन महिन्यांनी खालीवर करते आणि दोन पावसाळे पडू देत नाही. मोठ्या अळ्या अजून सापडतात, पण घमेलं भरत नाही. एक-दोन हिरव्या झालेल्या दिसल्या की जीवाला बरं वाटतं. बघायला घाण आहे, पण वाटतं खरं.

कातळकर | २२ ऑगस्ट, दुपारी १:००

ताई, जेवायला बसलो होतो.

मालवणी_मामा | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

इतक्या चर्चेत कोणी गायरी (शेणाचो खड्डो) झाकूक सांगूक नाय. शेण पावसात उघडा ठेवलास तर जा काय चांगला असता ता सगळा व्हाळात जाता. रवता ती नुसती काड. माझो बापूस गायरीवर चार मेढी पुरून झाप घाली. "पावसान खाल्ल्यान तर शेतान काय खावचा?" असा म्हणा. इतक्याच सांगूचा होता.

परीक्षानळी | २३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मामांच्या वडिलांना नमस्कार सांगा. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. उघड्या ढिगातून नायट्रेट आणि पालाश धुऊन जातं, आणि भिजलेल्या ढिगाची हवा जाते. हवा असेल तर ढीग चार-पाच दिवसांत तापतो, आतलं तापमान ५५ ते ६५ अंश. पहाटे वाफ दिसते. तणाचं बी, रोगाचे बीजाणू, बरंचसं तिथे मरतं. सत्तरच्या वर गेला तर चांगलेही मरतात, म्हणून खालीवर करायचा. मग तो थंड होतो आणि बाहेरचे जीव, बुरश्या, ॲक्टिनोमायसिटीस परत त्यात येतात. तो शेवटचा मुरण्याचा महिना लोक गाळतात. मूठ आवळून बघा : हाताला ओल लागावी, बोटांतून पाणी गळू नये.

सेंद्रिय_सदानंद | २३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

म्हणजे ढिगातले उष्णता सोसणारे जिवाणू शेतात जाऊन काम करत नाहीत?

परीक्षानळी | २३ ऑगस्ट, सकाळी १०:००

बहुतेक टिकत नाहीत. साठ अंशांत सुखाने राहणारा आंब्याच्या आळ्यात काय करणार? गांडूळखतातल्या लाल गांडुळांचंही तेच, ती पाल्यात आणि शेणात राहणारी, नुसत्या मातीत टाकली तर संपतात. काही जण रुजतात, काही रोगांना अडवतातही, पण मोठं काम खाण्याचं आणि घराचं. जिवाणूंच्या चिकट डिंकाने आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण बांधले जातात, मध्ये पोकळ्या राहतात, पाणी मुरतं, हवा खेळते. मग तुमच्याच बांधावरचे, तुमच्याच मातीचे जीव तिथे संसार मांडतात.

हिशेबी | २३ ऑगस्ट, रात्री ९:२०

आता 'एकदाच भरपूर खत घाला' वाल्यांसाठी. एक गुंठा, वरचा १५ सेंटिमीटर थर, साधारण २० टन माती. त्यात सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढवायचा म्हणजे २०० किलो. ओल्या कंपोस्टमध्ये सेंद्रिय भाग पाव धरला तर ८०० किलो कंपोस्ट, एका गुंठ्याला, आणि तेही त्यातलं कणभरही कुजणार नाही असं धरून. कुजणार तर आहेच.

इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात १८४३ पासून एका तुकड्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत जातंय. काहीच न घातलेल्या तुकड्याच्या दुपटीहून जास्त सेंद्रिय कर्ब तिथे आहे. तिथलाच दुसरा एक तुकडा : वीस वर्षं शेणखत घालून १८७१ साली थांबले, आणि शंभर वर्षांनंतरही शेजारच्या तुकड्यापेक्षा तिथे कर्ब जास्त होता. पण ती थंड हवा. आपल्याकडे जमिनीचं तापमान बारा महिने पंचवीसच्या वर, चार महिने ओल. जीव इथे सुट्टी घेत नाहीत. म्हणून इथे दरवर्षी थोडं थोडं.

गाबीत | २४ ऑगस्ट, सकाळी ११:००

किनाऱ्यावरच्यांसाठी एक. कोळंबीची सालं फेकू नका. गोड्या पाण्यात धुऊन, सुक्या सोडणाच्या भुश्यात पुरून कुजवा. सालीत कायटिन असतं, ते खाणारे जिवाणू वाढतात, आणि सूत्रकृमींच्या (मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांच्या) अंड्यांच्या कवचातही कायटिनच, त्यामुळे त्यांच्यावरही हात चालवतात. वर नीट झाका नाहीतर गावातली सगळी मांजरं तुमच्या दारात.

परीक्षानळी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

कातळकर, रकाने पाडायचेच आहेत तर एक प्रयोग करा. सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी मोजलेल्या असतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, बोरॉनपर्यंत. जीव किती, ही तेरावी ओळ तिच्यावर नाही. ती घरी मोजता येते. शंभर टक्के सुती जुना बनियन घ्या, हाताएवढे सारखे तुकडे कापा, नायलॉनच्या दोरीने खूण बांधून दहा सेंटिमीटर खोल पुरा. सहा आठवड्यांनी काढा. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, जितके जीव कामाला लागतील तितकं विरेल.

कातळकर | २५ ऑगस्ट, रात्री ८:००

दहा तुकडे पुरले. चार अ-मध्ये, चार ब-मध्ये, एक शेजाऱ्याच्या कलमाखाली (विचारून), एक परसातल्या जुन्या फणसाखाली, जिथे आजोबांपासून कुणी पातेरा झाडलेला नाही. अ आणि ब मधल्या दोन-दोन आळ्यांत गिरिपुष्प आणि युरिया दिलाय, दोन-दोन तशीच ठेवलीत. बायको विचारते, दुसरा बनियन पण पुरणार का?

भांडुपचा_चाकरमानी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:००

सहा आठवडे झाले. बनियनचं काय?

कातळकर | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

आज काढले. क्रमाने लिहितो.

फणसाखालचा : दोरी आणि चार-पाच सुतं. हात लावला तर तीही तुटली. आजूबाजूची माती काळी, पांढऱ्या धाग्यांनी विणलेली. शेजाऱ्याचा : जाळीसारखा, अर्ध्याहून जास्त गेला.

माझे आठ. ज्या चार आळ्यांत नुसता भुसा, नत्र काही दिलं नाही, त्यांतले तुकडे जवळजवळ जसेच्या तसे. पिवळे पडलेत, एकाला काळे ठिपके, पण ओढून फाटत नाहीत. धुऊन घातला असता. गिरिपुष्प दिलेल्या चारांपैकी तीन : भोकं पडलेली, कडा विरलेल्या, एक तर हातात घेताना दोन भाग झाला. चौथा सापडलाच नाही, नुसती दोरी. अ आणि ब मध्ये मला काही फरक दिसला नाही. बाटलीचे हजार रुपये 'किरकोळ खर्च'मध्ये टाकले.

नत्र दिलेल्या कलमांची नवी पालवी तांबूस आणि रुंद आली आहे. चर काढलेल्या सहांपैकी दोन मेली, चार जगतील असं वाटतं.

बाई, भुशात एवढे जीव वाढले म्हणालात, मग तिथला बनियन शाबूत कसा?

परीक्षानळी | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

बनियन म्हणजेही भातच. नत्र त्यात नावाला. भुशावर बसलेल्यांकडे आधीच आमटी नाही, ते आणखी भात कशाला घेतील? नत्र मिळालं तिथे हात चालला. त्यामुळे या प्रयोगाने जीव किती यापेक्षा ते काम करू शकतात का, एवढंच कळतं. मी आधीच हे नीट सांगायला हवं होतं.

फणसाखालची घमेलंभर माती, पाल्यासकट, प्रत्येक आळ्यात एकेक ओंजळ टाका. वर पातेऱ्याचं आच्छादन, खोडाला न चिकटता. दिवाळीनंतर पाऊस नसेल, ओल टिकली पाहिजे.

पहार | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

आठवा तुकडा पूर्ण गायब? सहा आठवड्यांत? फणसाखाली पण सुतं राहिली होती. वाळवी बघा.

कातळकर | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

बॅटरी घेऊन जाऊन आलो. ब-७. आळ्याच्या कडेला मातीची बारीक नळी, बोटाने मोडली तर आत पांढरट किडे पळताहेत. भुशावर वाढलेत.

सासरे मागे उभे होते. काही बोलले नाहीत. चहाही घेतला नाही, सरळ घरी गेले.

वाळवीला काय करतात ते सांगा कुणीतरी. नवीन धागा काढू का?